चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं तोंड

स्टुडिओतले सगळे त्यांना तोंडवाले म्हणायचे. खऱ्या नावाने कुणी हाक मारलीच, तर दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत असं समजून ते खाली मान घालून काम करत राहायचे. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ भलताच तोंडाळ असणार. प्रत्यक्षात दिवसभरात ते चार वाक्यं बोलले तरी शेजारच्या टेबलावरचे लोक चमकून बघायचे. तोंडवाले म्हणजे तोंडं लावणारे. चितारलेल्या माणसांना तोंडं लावणं हा त्यांचा धंदा होता, आणि तो त्यांनी जन्मभर केला.

'लिफ्ट बंद आहे' ही मालिका ज्यांनी पाहिली त्यांचे केस आता पिकले तरी आहेत किंवा गेले तरी आहेत. ज्याला आपण कार्टून म्हणतो तसलीच ती, हाताने चितारलेली, पण पोरासोरांसाठी नव्हे. एका जुन्या इमारतीची लिफ्ट बिघडलेली असते, तिच्यावर तशी पाटी लटकत असते, आणि सगळे रहिवासी जिन्याने चढता-उतरता एकमेकांची उणीदुणी काढत असतात. गोष्ट एवढीच. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं काहीतरी भलतंच प्रकरण चालू असायचं. तिसऱ्यावरचा डॉक्टर दारू पिऊन स्वतःच्याच दाराची बेल वाजवत बसायचा. तळमजल्यावरचा म्हातारा सकाळी मरायची सगळी तयारी करायचा आणि संध्याकाळी कंटाळून चहा प्यायचा. असलं काही मुलांना दाखवणार कसं? म्हणून मालिका मुलं झोपल्यावर लागायची. आईबाप पोरांना दटावून आत पाठवायचे आणि आवाज बारीक करून तोंडावर उशी धरून हसायचे. आताच्या लोकांना हातातल्या फोनवर हवं ते हवं तेव्हा बघता येतं, म्हणून उशी तोंडावर धरून हसण्यात काय मजा होती ते त्यांना सांगून कळायचं नाही.

सगळ्यांचे लाडके होते चौथ्या मजल्यावरचे तात्या. प्रत्येक भागाच्या शेवटी ते तळापासून चौथ्यापर्यंत चढायचे आणि चढता चढता गुडघे, हवा, शेजारी, डॉक्टर आणि बायको अशा सगळ्यांचा उद्धार करायचे. दुसऱ्या दिवशी ऑफिसांतून तात्यांची वाक्यं जशीच्या तशी ऐकू यायची. त्यांच्यामागून दोन हातांत दोन पिशव्या घेऊन काकू, म्हणजे तात्यांची बायको, चढत असायच्या. काकू बोलायच्या नाहीत. याचं कारण अगदी साधं होतं. दुसऱ्या आवाजावर खर्च करायला निर्माता तयार नव्हता.

तर गेल्या वर्षी एका कंपनीने ही मालिका धुऊन-पुसून पुन्हा दाखवायचं ठरवलं. तोंडवाल्यांना फोन आला. जुन्या माणसांपैकी आता तुम्हीच आणि आणखी एक-दोघे उरलात, सभागृहात पहिला कार्यक्रम आहे, तुम्ही यायलाच हवं. फोन ठेवल्यावर तोंडवाले स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मालिकेची घरातली टेप तर त्याआधीच झिजून गेली होती, नुसती पांढरी खरखर दिसायची. आणि आता काकू पुन्हा दिसणार होत्या. त्यांनी लेकीला फोन लावला.

"तू यायचंस," ते म्हणाले.

"तुमच्या कार्टूनला?" लेक म्हणाली.

"हो."

"बाबा, मला त्या कार्टूनचं फार काही प्रेम नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी ये."

बाप असा हट्ट कधी धरत नाही, म्हणून ती हो म्हणाली. त्या हो म्हणण्यात उत्साहाचा लवलेश नव्हता, पण तोंडवाल्यांना तेवढं पुरे होतं. लेकीला एक गोष्ट दाखवायची होती. ती सांगून पटण्यासारखी नव्हती, दाखवायलाच हवी होती.

आता ती गोष्ट काय, हे कळायला त्यांचं काम समजून घ्यावं लागेल. असल्या मालिकेत आधी आवाज आणि मग चित्र. तात्यांचा आवाज देणारा नट माइकसमोर उभा राहून धापा टाकत सगळा संवाद म्हणून मोकळा व्हायचा. ती टेप तोंडवाल्यांच्या टेबलावर यायची. ते कानाला हेडफोन लावून एकेक शब्द पुढे-मागे फिरवत ऐकायचे आणि कोणत्या चित्रावर कोणतं तोंड बसेल ते ठरवायचे. चित्रकार चेहरे काढायचे ते बिनतोंडाचे. नाक झालं की खाली सपाट हनुवटी. अशा चेहऱ्यांची चवड शेजारी पडलेली असायची. नवख्या माणसाला ती बघून कसंसंच व्हायचं. त्या चेहऱ्यांवर पारदर्शक कागदावर काढलेलं तोंड ठेवायचं, फोटो घ्यायचा, तोंड बदलायचं, पुन्हा फोटो. एकूण तोंडं आठ. एक मिटलेलं, एक वासलेलं, एक चंबू केलेलं, एक खालचा ओठ दातांखाली धरलेलं, असं करत आठ. त्या आठ तोंडांत तात्यांचा सगळा जन्म बोलून झाला.

कोणतं तोंड कुठे, हे ठरवायला तोंडवाले टेबलावर हात-आरसा ठेवायचे आणि तेच वाक्य स्वतः आरशात म्हणून बघायचे. आवाज न काढता, कारण शेजारचे वैतागायचे. खिडकीसमोर गल्ली होती आणि गल्लीपलीकडे बुकबाइंडिंगचं दुकान. तिथे एक मुलगी पुठ्ठ्यांना कापड चिकटवत बसलेली असायची आणि मधूनच हसायची. कशाला हसते हे तोंडवाल्यांना कळत नव्हतं. तरुण माणूस समोरची मुलगी हसली की स्वतःचा शर्ट तपासतो, तसा त्यांनी तो रोज तपासला. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती रस्ता ओलांडून खिडकीशी आली आणि सपाट, चढ-उतार नसलेल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही रोज त्या आरशाला इतक्या शिव्या का देता?"

लहानपणी तापात तिचे कान गेले होते. ती लोकांचे ओठ वाचायची. तात्यांचे महिनाभराचे सगळे उद्धार तिने गल्लीपलीकडून, प्रक्षेपणाच्या आधी, फुकटात वाचले होते. दोघांचं लग्न झालं तेव्हा स्टुडिओतल्या थट्टेखोरांनी म्हटलं, तोंडवाल्यांना बरोबर गिऱ्हाईक सापडलं. हे म्हणताना ते हसत होते, पण खोटं काही बोलत नव्हते.

घरात तिच्यामुळे काही रीती पडल्या. हाक मारायची तर मनगटावर दोनदा बोट टेकवायचं. उजेडाकडे तोंड करून बोलायचं. चावता चावता बोलायचं नाही. भांडणात ती कधी हरली नाही, कारण हरायची वेळ आली की ती डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटले की तिच्यापुरता समोरचा माणूस गप्प. मग बोला भिंतीशी. तोंडवाले दिवसभर हेडफोनमधून तात्यांचा आवाज ऐकून विटलेले असायचे, त्यामुळे घरी आल्यावर तेही आवाज काढायचे नाहीत. नुसते ओठ हलवायचे. स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसून तास-तास बोलायचे आणि घरात पाण्याच्या नळाखेरीज कशाचाही आवाज नसायचा.

लग्नाच्या रजेत तोंडवाले घरी असताना तिने पहिल्यांदा मालिका पाहिली आणि भाग संपल्यावर म्हणाली, "एक शब्द कळला नाही."

"तात्या बोलत होते ना."

"ते बोलत नव्हते. तोंड उघडझाप करत होते. मासा करतो तशी." मग त्यांचा चेहरा पडलेला बघून तिने जरा सावरून घेतलं. "जीभ कुठेय त्यांची? जीभ दिसल्याशिवाय काय वाचायचं माणसाने?"

आठ तोंडांत जीभ नव्हती. लोकांच्या कानावर शब्द पडत होते, म्हणून तोंड काहीही केलं तरी चालून जात होतं. जिला फक्त तोंडच वाचता येत होतं तिला काही मिळालं नव्हतं. तोंडवाल्यांना हे फार लागलं. त्यांचं काम अख्खं शहर बघत होतं आणि घरातल्या एका माणसाला ते बघता येत नव्हतं.

त्यांनी नवी तोंडं काढायला घेतली. रविवारी ती खिडकीशी बसायची, ते चित्र काढून दाखवायचे, ती मान हलवायची. "जीभ दातांना लागली पाहिजे." "हे काय, जांभई देताय?" "जीभ दिसत नाही. परत." आठाची कितीतरी तोंडं झाली. पण ती तात्यांना लावणार कशी? तितकी तोंडं लावत बसलं तर भाग वेळेवर निघालाच नसता. मग त्यांच्या लक्षात आलं की मागून पिशव्या घेऊन चढणाऱ्या काकूंना काहीच संवाद नाही. त्यांच्या तोंडाचं काय करायचं हे कुणी ठरवलेलंच नाही.

पुढच्या भागात तात्या दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यांच्या नावाने ओरडत असताना मागे काकूंचे ओठ हलले. आवाज नव्हता. काकू म्हणाल्या, "गुडघे याचे आणि पिशव्या माझ्या." अख्ख्या शहरात पडद्यासमोर एकच बाई मोठ्याने हसली.

कॅमेरावाला कुरकुरला, गप्प बसणाऱ्या बाईला एवढी तोंडं कशाला. दिग्दर्शकाने विचारलं, "अहो, ही बडबडतेय आणि आवाज कुठाय?" तोंडवाले म्हणाले, "मनातल्या मनात बोलते." दिग्दर्शक स्वतः विवाहित होता. तो म्हणाला, राहू द्या. एका वर्तमानपत्राने लिहिलं की मालिकेचं काम गबाळं आहे, न बोलणाऱ्या पात्राचं तोंड हलत राहतं. तोंडवाल्यांनी ते वाचून मूग गिळले.

त्यानंतर अनेक वर्षं काकू बोलत राहिल्या. कधी तात्यांना टोमणा, कधी घरातलीच बातमी. "नळ गळतोय, प्लंबरला परत सांग." "तुझी निळी साडी काकूंना नेसवली, रागावू नकोस." तात्यांचं फारच झालं की काकू डोळे मिटून घ्यायच्या, हीसुद्धा घरातूनच उचललेली युक्ती, आणि तिच्यावर मात्र अख्खं शहर हसायचं. मालिका लागायची त्या दिवशी तोंडवाले पुढच्या भागासाठी स्टुडिओतच अडकलेले असायचे. बायको एकटी बघायची. म्हणून शेवटी, तात्या चौथ्या मजल्यावर पोचून कुलपाशी खटपट करत असताना, काकू वळून बघणाऱ्यांकडे तोंड करायच्या आणि म्हणायच्या, "झोप आता. मी येतोच." बाई असून 'येतो' म्हणायच्या. हे वाचून बायको पहिल्यांदा इतकी हसली की खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं. त्या ठोकण्याचा तिला काय उपयोग होता म्हणा.

आणि ती पडद्याला उत्तर द्यायची. तिनेच त्यांना सांगितलं होतं. "झोपते. या सावकाश." मग टीव्ही बंद करायची. हळूहळू ते घरातलं बोलणंच झालं. त्यांना दुकानात जायचं असो, दाढीला जायचं असो, ते दारातून म्हणायचे, "झोप आता, मी येतोच," आणि ती भर दुपारी हातातलं काम न सोडता म्हणायची, "झोपते. या सावकाश."

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती लहान होती आणि मालिका मोठ्यांची होती. मालिकेच्या दिवशी तिला लवकर आत पाठवलं जायचं. तिला आठवत होता तो बाप रात्री घरी नसलेला, सकाळी पेपरामागे असलेला, आणि स्वयंपाकघरात तिच्याकडे पाठ करून बसलेला. ओठ वाचायला ती आईकडून चालायच्याही आधी शिकली होती, पण पाठ कशी वाचणार? मोठी झाल्यावर तिने मनाशी पक्कं केलं की बाबा आईशी दोन गोड शब्द कधी बोलले नाहीत, आणि आईने ते निमूट सोसलं. तिने हे एकदा बोलूनही दाखवलं. तोंडवाले उत्तर जुळवेपर्यंत तिने आईसारखे डोळे मिटून घेतले होते.

मग आई आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी एक औषध बाहेरून आणायला सांगितलं. तोंडवाले उठले, सवयीने बायकोच्या मनगटावर दोनदा बोट टेकवलं, काहीतरी म्हणाले आणि गेले. लेक खिडकीतून खाली बघत होती, तिने ते पाहिलं नाही. वळली तेव्हा आई दाराकडे बघत ओठ हलवत होती. आवाज आदल्या दिवशीच गेला होता. लेकीने वाचलं. "झोपते. या सावकाश." तोंडवाले औषध घेऊन परत आले तेव्हा चादर ओढलेली होती.

"जन्मभर तिला वाट बघायला लावलीत," लेक त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये म्हणाली. "शेवटचे शब्दसुद्धा तेच. मी झोपते, या तुम्ही सावकाश. तक्रारसुद्धा केली नाही हो तिने नीट."

तोंडवाल्यांच्या हातात औषधाची पिशवी होती. एका कार्टूनमधली बाई असं असं म्हणायची आणि तुझी आई तिला असं उत्तर द्यायची, हे त्या कॉरिडॉरमध्ये सांगायचं कसं? वेड्यात काढलं असतं. पण तेव्हापासून ते वाक्य लेकीच्या मनात आरोप म्हणून बसलं, आणि तो आरोप नव्हता. म्हणून कंपनीचा फोन आल्यावर त्यांना वाटलं, आता ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचेल. आपल्याला एक शब्द बोलावा लागणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून बोललेल्या माणसाचा हा हिशोब होता.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी कंपनीने त्यांना काम बघायला बोलावलं. मालिकेची सफाई करणारी तंत्रज्ञ एक तरुण मुलगी होती, मोठी लाघवी. तिने त्यांना गाडीतून उतरताना हात दिला, चहा मागवला, मधली खुर्ची दिली. लहानपणी आईबाबा आपल्याला आत पाठवून ही मालिका बघायचे, म्हणून हे काम मागून घेतलं, असं तिने सांगितलं. पडद्यावर जिना उजळला. भिंतीचा पिवळा रंग असा दिसला की जणू काल दिला असावा. तात्या धापा टाकत आले, आणि तो आवाज, गेलेल्या नटाचा आवाज, ऐकून तोंडवाल्यांना हसू फुटलं. मागून काकू आल्या. निळी साडी, दोन पिशव्या.

तोंड मिटलेलं.

तोंडवाल्यांना वाटलं, हा भाग सुरुवातीचा असेल. पण भिंतीवर डॉक्टरांच्या दाराची मोडकी बेल होती, आणि ती मोडली होती काकू बोलायला लागल्यानंतर, म्हणजे भाग नंतरचा होता. तात्या चौथ्या मजल्यावर पोचले. काकूंचं तोंड मिटलेलंच.

"काका, एक गंमत सांगू?" मुलगी म्हणाली. "जुन्या प्रतीत एक चूक होती. या काकूंना संवाद नाही आणि तरी तोंड हलत राहायचं. सगळ्या भागांत. तुमच्या वेळी घाईत राहून गेलं असणार. आम्ही एकूण एक ठिकाणी दुरुस्त केलं. फार वेळ गेला त्यात, पण आता बघा, किती शांत दिसतात."

"हो," तोंडवाले म्हणाले. "जुनं आहे का ठेवलेलं?"

"फिल्म आंबली होती, काका. एकदाच कशीबशी स्कॅन करून घेतली, नंतर तिचा भुगा झाला. आणि कॉम्प्युटरवरचं जुनं, दुरुस्ती झाली की पुसतो आम्ही, जागा पुरत नाही." तिने त्यांच्याकडे पाहिलं. "का, काही हवं होतं?"

त्या मुलीने किती जिवापाड मेहनत केली होती ते दिसत होतं. तिला काय सांगायचं? की तू माझ्या बायकोचं सगळं घर पुसलंस? तोंडवाले म्हणाले, "नाही. रंग छान आलेत." आणि चहा संपवला. तो गार झाला होता.

घरी जाताना त्यांनी ठरवलं की लेकीला येऊ नको म्हणायचं. फोन हातात घेतला आणि ठेवला. काय कारण देणार? दुसऱ्या दिवशीही घेतला आणि ठेवला. असा आठवडा गेला आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती आपली आपणच येऊन दारात उभी राहिली, केस नीट बांधून, बापाचा कोट इस्त्रीवाल्याकडून आणून.

सभागृह भरलं होतं. सगळे पिकलेले, आणि एरवी जिने चढताना धापा टाकणारे. आता तोंडावर उशी धरायची गरज नव्हती, तरी काहींनी हाताने तोंड झाकलंच. तात्यांचं वाक्य यायच्या आधी लोक ते पुटपुटत होते आणि नंतर टाळ्या देत होते. तोंडवाले समोर बघत होते आणि प्रत्येक जिन्यावर, प्रत्येक मिटलेल्या तोंडाखाली काय होतं ते त्यांना बरोबर आठवत होतं. इथे नळ गळतोय. इथे आईचं पत्र आलंय. इथे, आपल्याला बाळ होणार आहे हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. एवढी सुंदर झालेली ती बाई तोंडाला कुलूप लावून चढत होती. शेवटी तात्या कुलपाशी खटपट करू लागले. काकू वळल्या, लोकांकडे बघितलं, नुसतंच बघितलं. पडदा काळा झाला.

टाळ्या थांबल्या. लेक म्हणाली, "आईच काढलीत तुम्ही."

तोंडवाले तिच्याकडे वळले.

"साडीसुद्धा तिचीच. आणि तसंच. तुम्ही तुमच्या नादात पुढे, ती ओझी घेऊन मागे, तोंडातून अवाक्षर नाही. आणि लोक हसताहेत." तिचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "मला वाटलं होतं, काहीतरी वेगळं दाखवायला बोलावलंत."

व्यासपीठावर जुन्या माणसांना उभं करून फुलं दिली. तोंडवाल्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि लोकांना तो विनय वाटला. परत येऊन ते बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले. लेक शेजारी बसली, पर्समधून रिक्षाला फोन करायला मोबाइल काढत. माणसं मोठमोठ्याने तात्यांची नक्कल करत पायऱ्या उतरत होती.

"ती बोलायची," तोंडवाले म्हणाले.

"कोण?"

"काकू. ती बोलायची. ते पुसलंय."

"बाबा, राहू द्या ना आता," असं म्हणून तिने डोळे मिटले. अगदी आईसारखे, भुवया जरा वर करून.

एरवी तोंडवाले इथेच थांबले असते. आजवर दर वेळी थांबले होते. पण आता त्यांच्याजवळ फिल्म नव्हती, टेप नव्हती, दाखवायला काहीच उरलं नव्हतं, आणि ती रिक्षात बसली की संपलंच. त्यांनी लेकीच्या मनगटावर दोनदा बोट टेकवलं.

ही हाक तिला तीन वर्षांत कुणी मारली नव्हती. तिने डोळे उघडले. तोंडवाल्यांनी बाकावर वळून व्हरांड्यातल्या दिव्याकडे तोंड केलं, आणि आवाज न काढता ओठ हलवले.

गुडघे याचे आणि पिशव्या माझ्या.

लेक गोंधळून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गुडघे याचे..." आणि थांबली.

नळ गळतोय, प्लंबरला परत सांग. तुझी निळी साडी काकूंना नेसवली, रागावू नकोस. ओठांनीच ते एकेक जिना चढत गेले. पहिला मजला, दुसरा, तिसरा. कवळीमुळे काही अक्षरं नीट उमटत नव्हती, ओठांचा एक कोपरा आताशा ढिला पडला होता, ते सगळं त्यांना समजत होतं. आरसा असता तर त्यांनी स्वतःच ते तोंड नापास केलं असतं. लेकीने मोबाइल मांडीवर ठेवला होता. तो मधे वाजला, तिने उचलला नाही.

"हे आई वाचायची?" ती म्हणाली. "टीव्हीवर?"

त्यांनी मान हलवली.

"दर आठवड्याला?"

त्यांनी पुन्हा मान हलवली. मग ते चौथ्या मजल्यावर पोचले, कुलूप काढणाऱ्या तात्यांपासून वळले आणि लेकीकडे तोंड करून म्हणाले, "झोप आता. मी येतोच."

लेकीच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते वाचायला तोंडवाल्यांना ओठांची गरज पडली नाही. आईने दाराकडे बघून म्हटलेलं ते वाक्य तिला आठवलं असणार. तीन वर्षं तिने ते छातीशी धरून ठेवलं होतं, बापाविरुद्ध, आणि ते एका निरोपाचं उत्तर निघालं होतं. नेहमीचं, हसत द्यायचं उत्तर.

"त्या दिवशी जाताना तुम्ही तिला हेच म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

तोंडवाल्यांना सांगता येत नसे, आणि जिच्यापाशी सांगता यायचं ती गेली होती. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत. व्हरांडा रिकामा झाला होता. आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. असे शेकडो जिने होते, आणि त्यातले किती आता आठवतील ते त्यांना सांगता आलं नसतं. काल रात्री अंथरुणात पडून त्यांनी आठवून पाहिलं होतं, तर मधले मधले मजले गेलेच होते. जेवढं उरलं होतं ते या एका म्हाताऱ्या तोंडात होतं.

त्यांनी दुसरा भाग सुरू केला. हॉस्पिटलच्या खूप आधीचा, लेक नव्हती तेव्हाचा. एका वाक्याला लेकीने त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं आणि पुढे वाकून, डोळे बारीक करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"जीभ दिसत नाही, बाबा," ती म्हणाली. "परत."